तांदळाच्या डब्यातली वही

पंगतीत तांबडा रस्सा ओरपत कोणी विचारलं, "मग सर, तिकडं किती मेले?" की सर भरल्या ताटावरून उठत. शेजारच्या देशातलं यादवी युद्ध हा आमच्या कॉलेजातल्या या इतिहासाच्या सरांचा हयातभराचा विषय. त्यातही लढाईपेक्षा नंतरचं: मारणारे आणि वाचलेले पुन्हा एकाच गल्लीत कसे राहतात. "आकडा विचारणाऱ्याला माणसं नको असतात," म्हणत. आकड्यांची ही किळस मला त्यांच्याकडूनच लागली.

मी ग्रंथालयात. त्यांची टिपणं लावायचं काम माझं. प्रत्येक जबानी वेगळ्या कार्डावर, कार्डावर फक्त क्रमांक. नावं एका शाळकरी वहीत आणि वही सरांच्या घरी, आजऱ्याच्या तांदळाच्या डब्यात. नाव बाहेर जाणार नाही, असा शब्द त्यांनी जबानी देणाऱ्या तिथल्या बायकांना दिला होता.

वहीची पानं सुटली, तेव्हा त्यांनी ती मला उतरून काढायला दिली. मला अर्धवट यादी बघवत नाही. क्रमांक, नाव, गाव, मारणारा कोण, असा एकच सुबक तक्ता मी टाइप केला आणि एक प्रत सरांच्या पुस्तकाच्या फाइलला लावली. फाइल मंजुरीसाठी प्राचार्यांकडे गेली.

सरांना मी तक्ता कौतुकानं दाखवला. त्यांनी एका नावावर बोट ठेवलं. "बाई, काय केलंसा हे? ह्यातली ही एक रोज त्या मारणाऱ्याच्याच दुकानातनं साखर आणती."

आम्ही तसेच प्राचार्यांकडे गेलो. त्यांना तो तक्ता कॉलेजच्या प्रदर्शनात लावायचा होता. "नावं असली की पब्लिक थांबतंय, सर!"

"व्हय? मग खाली तुमच्या लेकीचं बी लिवू काय, पावणं?"

प्राचार्यांनी हसत कागद परत दिला. त्या हसण्याची मला अजून शिसारी येते. माझ्या सरळ रेघांची त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी वही आणि तक्त्याच्या दोन्ही प्रती बंबात घातल्या. मी म्हटलं, "सर, नावांशिवाय पुस्तक कोण छापणार?"

"न्हाय छापलं तर न्हाय," म्हणाले आणि त्याच पाण्यानं अंघोळ केली. पुस्तक कोणी छापलं नाही.

यंदा सर गेले. शोकसभेत त्याच प्राचार्यांनी गळा काढला आणि चहाच्या वेळी मला गाठलं. "मॅडम, ती यादी तुमच्याकडं असणारच की. तुम्ही काय टाकत न्हाय."

"न्हाय," मी म्हटलं.

खोटं बोलले. कागद नाही, पण नावं सगळी पाठ आहेत. किती, ते सांगणार नाही.