आतल्याची माफी

कुठल्याही बाईच्या अंगाला हात लावण्याआधी ती माफी मागायची. त्या बाईची नव्हे, तिच्या आत जो कोणी बसला आहे त्याची. उजवा हात आधी स्वतःच्या छातीला, मग ओठांतल्या ओठांत "आत कोन हाय त्याची माफी", आणि मग तो हात समोरचीच्या खांद्यांवरून, बगलेखालून, कमरेवरून फिरायचा. भिवंडीजवळच्या पूर्णा गावातल्या आमच्या गोदामात शिफ्ट सुटली की बायकांची वेगळी रांग लागे. पडद्याआड एकेकीची झडती होई. ती घेणारी ही बाई. सगळ्या तिला चेकिंगमावशी म्हणत. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते माझ्याशिवाय कुणी वाचलं नसेल, आणि मीही त्या नावाने तिला कधी हाक मारली नाही.

मी तिथे एचआरमध्ये. हजेरी, रजा, ओळखपत्रं, नोटिसा ही माझी कामं. मी भिवंडीतच वाढले, वडील शाळामास्तर. आमच्या घरी सगळे धर्म एकच सांगतात, माणसाच्या आतच देव असतो, ही वाक्यं जेवताना ऐकू येत. शाळेत त्याच विषयावर भाषण करून मी दोनदा बक्षीस घेतलं आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना मला अडाणी समजून कुणी सोडून देणार नाही.

मावशी जवळच्याच अंजूर गावची. खाडीकाठची शेती गोदामांखाली गेली, नवरा लवकर वारला, मुलगा रिक्षा चालवायचा. शाळेचं तोंड तिने पाहिलं नव्हतं. ही माफी मागायची रीत तिला कुठल्या महाराजांनी शिकवली, असं मी एकदा जरा चेष्टेनेच विचारलं. ती म्हणाली, "म्हाराज कशाला? मढ्यांनी शिकवली." गावात कुठलीही बाई गेली की शेवटची अंघोळ घालायला हिला बोलावत. "काल जिला हात लावला तर आतनं कुनीतरी हाताला हात देत व्हता ना मॅडम, तिलाच आज हात लावला तर कुनी न्हाय. रिकामी पिशवी. मंग जित्या मानसाला हात लावायचा म्हंजे कुनाच्या तरी घरात शिरायचं. इचारून नको जायला?"

हातांची तिला फार काळजी. नखं कापलेली, बांगड्या कोपरापर्यंत सारलेल्या. थंडीत रांग सुरू व्हायच्या आधी तळवे एकमेकांवर घासून गरम करायची, का तर गार हात लागला की आतला दचकतो. पोटुशी बाई आली की दोनदा माफी मागायची, "दोघं हायेत" म्हणून. रांगेतल्या पोरी हसायच्या, घाई असली की चिडायच्याही. पण ज्या गोदामांत ही मावशी नव्हती तिथल्या झडतीच्या गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. बस सुटली तरी चालेल, पण झडती मावशीच्याच हातची हवी, असं म्हणणाऱ्याही होत्या.

तिला एक नाद होता. प्रत्येकीला विचारायची, "तुमच्यात त्या आतल्याला काय म्हनतात?" पॅकिंगच्या टेबलावर शबाना नावाची मुलगी होती, पॉवरलूमवाल्या वस्तीतली. ती म्हणाली, "रूह. अल्लाहने फूंकी हुई." मावशीला ते भारी आवडलं. "फुंकलेली? चुलीसारखी? म्हंजे न फुंकता विझत असंल!" सगळी रांग हसली, शबानाही. केरळची एक ख्रिस्ती बाई होती. ती म्हणाली, आमच्यात शरीरालाच देवाचं देऊळ म्हणतात. "मंग मी बडव्याचं काम करते," मावशी म्हणाली. सुनंदा नावाची एक बौद्ध मुलगी होती. तिने स्पष्टच सांगितलं, "मावशी, आम्ही आत्मा मानत नाही. पण प्रत्येकात बुद्ध व्हायची ताकद असते, असं शिकवतात." मला वाटलं, आता हिची पंचाईत झाली. मावशीने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "ताकद तर ताकद. हाताला लागते ना? मंग मी तिची माफी मागंन." त्या दिवसापासून सुनंदाची पाळी आली की ती खरंच म्हणायची, "आतल्या ताकदीची माफी."

गोदामातल्या महिला दिनाच्या कार्यक्रमात साहेबांनी मला भाषण करायला सांगितलं. मी मावशीचंच सगळं बोलले. रूह, देऊळ, ताकद, गरम हात, रिकामी पिशवी. फक्त मावशीचं नाव घेतलं नाही. "आपल्या थोर ग्रंथांत म्हटलं आहे," असं म्हणाले. खूप टाळ्या पडल्या, साहेबांनी मानपत्रही दिलं. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती. कार्यक्रम संपल्यावर जवळ आली आणि माझा हात धरून म्हणाली, "काय ग्वाड बोललीस बाय! सगलं माजंच बोललीस." तिच्या आवाजात टोमणा शोधला, सापडला नाही. ती खरोखर खूश होती. मी ते मानपत्र बरेच दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

त्यानंतर दोनेक महिन्यांत ते घडलं.

पॅकिंगच्या टेबलावरून एक महागडा मोबाईल गायब झाला. त्या वेळी टेबलावर शबाना होती. संध्याकाळी रांगेत मावशीने तिची झडती घेतली, काही निघालं नाही. साहेबांचं समाधान होईना. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "पोलिसांपर्यंत न्यायचं नाहीये. फर्स्ट-एडच्या खोलीत घ्या तिला, कपडे उतरवून नीट बघा. ती मावशी बघेल. तुम्ही फक्त हजर राहा."

मी नको म्हणाले नाही. असं करता येत नाही हे मला माहीत होतं. नोटीसबोर्डावर महिलांच्या सन्मानाचा कागद मीच लावला होता. तरी मी गेटवर जाऊन मावशीला निरोप सांगितला.

"मी बगितलं तिला," मावशी म्हणाली. "न्हाय तिच्याकडं काय."

"साहेब म्हणतात, कपडे काढून बघायचं."

"कपड्यावरनं हात फिरवायची माजी ड्युटी हाय. कपडे काढायची न्हाय."

"मावशी, नोकरी जाईल तुमची."

"जाऊ दे."

"तुम्ही नाही बघितलं तर मला बघायला लागेल."

हे मी का म्हणाले, कुणास ठाऊक. बहुधा तिला माझी कीव यावी म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं. चिडून नाही, खूप लांबून कुणी येत असलं आणि ओळखीचं आहे की नाही हे कळत नसलं तर बघतात तसं. "मंग तूबी नको बगू," ती म्हणाली. "दोघी मिलून न्हाय म्हनू. दोघींना काय करनार हाय तो?"

किती सोपं होतं ते. नाही बघणार, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. मी घड्याळात पाहिलं, "साहेब थांबलेत" म्हणाले आणि वळले.

फर्स्ट-एडच्या खोलीत शबाना आधीच उभी होती. मी दाराला कडी लावली आणि काय करायचं ते सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, आप भी?" मी म्हणाले, "ड्युटी आहे." पुढचं सगळं मी लिहिणार नाही, तेवढा हक्क मला नाही. इतकंच सांगते की तिने भिंतीकडे तोंड केलं, आणि मी एकदाही तिच्या चेहऱ्याकडे बघितलं नाही. माझे हात बर्फासारखे होते. काही निघालं नाही. कपडे घालताना तिला ओढणीची पिन लावता येईना. मी मदत करायला हात पुढे केला, तशी ती मागे सरकली.

बाहेर पायरीवर मावशी बसली होती. तिने शबानाला शेजारी बसवलं, पाणी दिलं, आणि रिक्षा येईपर्यंत तिचा हात धरून राहिली. मला दोघींच्या बाजूने जावं लागलं. मावशीने पाय आवरून मला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी मावशीला काढलं. ते पत्र मीच टाईप केलं. "कर्तव्यात कसूर व वरिष्ठांच्या आदेशाचा भंग." तिने खाली अंगठा उमटवला आणि विचारलं, "काय लिवलंय?" मी म्हणाले, "नेहमीचंच." शबाना परत आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मोबाईल सापडला. परत आलेल्या मालाच्या क्रेटमध्ये होता, दुसऱ्याच डब्यात, चुकीचं लेबल लागलेला. मी आणि साहेब दोघांनी तो पाहिला. साहेब म्हणाले, "झालं ते झालं. उगाच बोभाटा नको." मी बोभाटा केला नाही. रांगेतल्या बायका आपसात बोलत, शबानाने हात मारला आणि मावशीने तिला गेटवरून सोडलं, दोघींचं साटंलोटं होतं. सुनंदाने एकदा मला सरळ विचारलं, "मॅडम, खरं आहे का हो?" मी म्हणाले, "मला काही माहीत नाही." हे माझ्या तोंडचं सगळ्यांत वाईट वाक्य. खोलीत होते तेव्हा निदान घाबरलेली तरी होते. हे बोलताना मी चहा पीत होते.

वर्षभराने मावशी आजारी असल्याचं कळलं. एका रविवारी अंजूरला गेले. ती ओसरीत खाटेवर होती, अर्धी झालेली. सुनेला म्हणाली, "माज्या गोदामातली मॅडम हाय, च्या ठेव." मी चहा येण्याआधीच सगळं सांगून टाकलं. मोबाईल सापडला होता, तिसऱ्याच दिवशी, आणि मी गप्प बसले.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी बगितली व्हती ना तिला."

"मावशी, मला माफ करा."

"माजं काय केलंस? नोकरी गेली, घरी बसून भाकरी खाल्ली. जिच्या घरात न इचारता शिरलीस तिथं जा ना. हितं काय करतस?"

"माझी हिंमत होत नाही."

"हितवर कशी आलीस? कुनी आनलं तुला?" तिने माझ्या छातीकडे बोट केलं. "तुज्यातबी हायच की तो. न्हाय म्हनतस का?"

मला रडू फुटलं. रडता रडता मी विचारलं, "आणि साहेबांच्यात?" तिला हसू आलं, हसताना खोकला आला. "हाय. त्याच्यातबी हाय. बिचारा दार लोटून बसलाय." मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "जाशील ना पन?" मी म्हणाले, जाईन. पुढच्याच रविवारी जाईन.

गेले नाही. त्या रविवारी नाही, त्यानंतरच्याही नाही. कधी पाहुणे होते, कधी पाऊस होता. पावसाळा संपता संपता मावशी गेल्याचं सुनंदाकडून कळलं, तेही आठ दिवसांनी. गावातल्या सगळ्या बायका जमल्या होत्या म्हणे. तिला अंघोळ कुणी घातली, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं आणि मी गिळलं.

शबानाचा पत्ता माझ्याच फायलीत होता, पहिल्या दिवसापासून.

शेवटी एका दुपारी तिच्याकडे गेले. दोन्ही बाजूंना लूम धडधडत होते, गल्लीतून बोलायचं तर ओरडावं लागत होतं. शबाना खोलीत चारपाच बायकांबरोबर कपड्यांचे धागे कापत बसली होती. तिने मला लगेच ओळखलं. उठली नाही.

"शबाना, मला जरा बोलायचं होतं. बाहेर येतेस?"

"बाहर क्यूँ? जो बोलना है, इनके सामने बोलो."

मी उंबऱ्याबाहेरच उभी होते. लूमच्या आवाजात मला ओरडूनच सांगावं लागलं, मोडक्यातोडक्या हिंदीत. "मोबाईल मिला था. तीसरे दिन मिला था. इसने कुछ नहीं लिया था. मुझे मालूम था, मैंने किसी को नहीं बताया. और इसके कपड़े मैंने उतरवाए. साहब ने बोला था, लेकिन मैंने उतरवाए."

कात्र्या थांबल्या. कोपऱ्यातली म्हातारी, शबानाची सासू असावी, म्हणाली, "तो इतने दिन कहाँ थी?"

शबानाने हातातला कपडा घडी करून बाजूला ठेवला. मग वर न बघता म्हणाली, "मौसी कैसी हैं?"

मी सांगितलं. तिला कुणी कळवलंच नव्हतं. कळवायचं कुणी? मावशी गेल्याचं कळलेली आणि हिचा पत्ता जवळ असलेली मीच तर होते. मी ठरल्या रविवारी आले असते तर ती मावशीला भेटली असती. हे तिच्याही लक्षात आलं, कारण ती एकदम उठून दाराशी आली आणि पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"घर किधर है उनका?"

"अंजूरला. मी घेऊन जाते तुला, खाली रिक्षा उभी आहे."

"आप मत आइए," ती म्हणाली. "पता बताइए. मैं अकेली जाऊँगी."

मी पत्ता सांगितला. कुठे उतरायचं, कुठलं वळण, सुनेचं नाव काय. तिने तो माझ्याकडून दोनदा वदवून घेतला, मला पुन्हा विचारायला लागू नये म्हणून. मग आत जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली आणि कात्री उचलली.