पहिल्या रविवारचा सलाम

वच्छलामावशीशी बोलायचं तर तिच्या उजव्या हाताला उभं राहायचं, हे चर्चमधल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. डावीकडून कितीही कोकला, ती आपली झाडत राहणार. नव्या माणसाला वाटे, बाई भारी गर्विष्ठ. गर्विष्ठ ती होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण डावा कान तिच्या नवऱ्याने एका थपडेत कायमचा बंद केला होता, आणि तोही महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चहून घरी आल्या आल्या.

साठी उलटली तरी बाई हाडापेराने मजबूत. उभं आयुष्य सोलापुरातल्या टॉवेलच्या कारखान्यात गठ्ठे बांधण्यात गेलेलं, त्यामुळे मनगट पुरुषासारखं. नवरा वारल्यावर चर्चच्या मंडळीने तिला मागची खोली राहायला दिली. तेव्हापासून घंटा तिची, झाडलोट तिची आणि पहिल्या रविवारी सगळ्यांनी वाटून घ्यायच्या प्रभुभोजनाला लागणारी बिनखमिराची भाकरही तिच्याच हातची. एरवी तिच्या तोंडाला लागायची कुणाची टाप नव्हती. पाळकसाहेबांचं प्रवचन लांबलं, की मागच्या बाकावर तिच्या किल्ल्यांचा जुडगा वाजू लागायचा.

या मंडळीची एक जुनी रीत होती आणि तिचा सगळ्यांना मोठा अभिमान. पहिल्या रविवारी, भाकर आणि पेल्यावरचं पांढरं कापड काढण्याआधी पाळक म्हणायचे, "ज्याचं कुणाशी वाकडं असेल, त्याने आधी जाऊन सलाम करावा." मग लोक उठायचे. नळावरून भांडलेल्या जावा, वाटणीवरून तोंड फिरवलेले भाऊ एकमेकांपुढे जाऊन दोन्ही हात पुढे करायचे. समोरच्याने ते हातात घेतले, की मिटलं. समोरच्याने हात घेतले नाहीत, असं कधी झालंच नव्हतं. तसं करणं म्हणजे देवाच्या मेजावर थुंकणं. या रितीने कितीतरी घरं सांधली, हे खोटं नाही. पण एकाला लागू पडणारं औषध दुसऱ्याला विष होतं, हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

वच्छलाचा नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला. गिरणीतून आणलेल्या चामडी पट्ट्याने तो तिला मारायचा. कधी दाराच्या फटीत तिची बोटं दाबायचा. एकदा केस धरून डोकं पाट्यावर आपटलं, त्याची खूण भुवईवर अजून आहे. आणि पहिल्या रविवारी धुतलेला सदरा घालून, डोळ्यांत पाणी आणून सलाम करायला सगळ्यांच्या आधी तोच उठायचा. बाया पदराने डोळे टिपायच्या. वच्छला हात द्यायची. न देऊन सांगते कुणाला? सलाम झाला की पाटी कोरी, आणि कोऱ्या पाटीवर गडी पुन्हा लिहायला मोकळा.

कान गेला त्या रविवारी तिने हात दिला, पण ती हसली नाही. घरी येऊन दाराला कडी लावत तो एवढंच म्हणाला, "चारचौघांत तोंड वाकडं करतीस व्हय?" कानातून रक्त आलं. मग काही दिवस आत शिट्टी वाजत राहिली आणि मग काहीच नाही. तेव्हाच्या पाळकांनी तिला सांगितलं, क्षमा कर. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. फक्त इथे तोंड दाबायला अख्खी मंडळी होती. पुढे दारूने नवरा मेला. वच्छला रडली नाही, तर त्याचीही चर्चा झाली.

मंडळी वाईट नव्हती, हेही सांगायला हवं, नाहीतर पाप लागेल. कोरोनात याच लोकांनी आवारात चूल मांडून, कोण कुठल्या जातीचा न विचारता, गल्ली जेवू घातली होती. कुणाला रक्त लागलं की तरणी पोरं रांग लावायची. मध्यंतरी पुण्याहून एक पाहुणे आले आणि 'निरोगी मंडळीची लक्षणं' या विषयावर भिंतीवर चित्रं पाडून बोलले. प्रार्थना झाली, दान झालं, सेवा झाली. एकेका लक्षणाला लोक असे मान डोलवत होते, जसा काही डॉक्टरने रिपोर्ट चांगला आल्याचं सांगितलंय. आण्णा म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे थोरले वडील, होटगीला रेल्वेत जन्म काढलेले. त्यांची तर छाती फुगली. वच्छला चहा देत फिरत होती. पूनम नावाच्या एका तरण्या सुनेने कप घ्यायला हात पुढे केला तेव्हा बाही वर सरकली आणि मनगटावर चार बोटांचे काळेनिळे वळ दिसले. पूनमने झटक्यात बाही खाली ओढली.

वच्छला तिथल्या तिथे मोठ्याने म्हणाली, "ताप चढला की त्वांड लाल दिसतंय. म्हनून काय मानूस ठणठणीत हाय म्हनायचं?"

पाहुण्यांना वाटलं, बाईंना बरं नाही. त्यांनी तिच्यासाठी प्रार्थना केली.

पूनम बार्शीची. आण्णांच्या भाच्याला, युवराजला दिलेली. युवराज टेम्पो चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवायचा. वाजवायचा अशी, की गुडघे धरून आलेल्या म्हाताऱ्याही बसल्या जागी डुलायच्या. पोरगा देखणा, बोलायला साखर. गेले कित्येक पहिले रविवार तो पूनमपुढे दोन्ही हात घेऊन जात होता आणि बाया पदराने डोळे टिपत होत्या. वच्छला मेजाजवळ उभी राहून बघायची, आणि तिच्या मेलेल्या कानात पुन्हा शिट्टी वाजायची.

पहिल्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी भर दुपारी ती भाकरी थापत होती. तवा तापलेला. आवारातून पूनम अनवाणी पळत आली. कपाळ फुटून रक्त एका डोळ्यात उतरलेलं.

"मावशी, दार लावा. मारतोय त्यो मला."

कडी लागते न लागते तोच दारावर लाथ बसली.

"पूनम, मुकाट्यानं भाईर ये," युवराज बाहेरून ओरडला.

"न्हाय येनार ती," वच्छला आतून म्हणाली. "जा, आदी डोस्कं थंड करून ये."

"म्हातारे, नवराबायकूच्या मदी पडू नगंस. न्हायतर तुलाबी उबी चिरीन."

दार जुनं. फळी फुटली, बिजागरी निखळली आणि तो आत आला. हातात टेम्पोच्या जॅकचा लोखंडी दांडा. पूनम पिठाच्या डब्यामागे लपली होती. त्याने डबा लाथेने उडवला, डाव्या हाताने तिचे केस धरून ओढलं आणि डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. भिंतीवर ओला लाल ठसा उमटला. दांडा वर गेला, तेव्हा वच्छलाने सांडशीत धरलेला तापला तवा केस धरलेल्या त्या हातावर हाणला. कातडं चरचरलं. युवराज गुरासारखा ओरडला, दांडा टाकला आणि वच्छलाच्या छातीत अशी लाथ घातली, की ती ओट्यावर जाऊन आदळली. बरगडी मोडल्याचं तिला स्वतःलाच ऐकू आलं. तोवर त्याने उजव्या हाताने पूनमचा गळा धरला होता. पूनमचे पाय जमिनीवर घासत होते, डोळे पांढरे व्हायला लागले होते. वच्छलाला उठवेना. ती फरशीवरून सरपटत गेली आणि त्याच्या पोटरीत दात रोवले. कवळी नव्हती, दात घरचे होते. मांस तुटेस्तोवर तिने सोडलं नाही. शेजारच्या यंत्रमागावरची तेलुगू पोरं आरडाओरडा ऐकून धावली, त्यांनी त्याला ओढून बाहेर काढला, म्हणून पूनम त्या दिवशी वाचली.

पूनमच्या डोक्याला टाके पडले, वच्छलाच्या छातीला पट्टा. संध्याकाळी त्याच फुटक्या दारातून आण्णा आणि पाळक शांतवन आत आले. शांतवन तरुण, वेळापूरकडचा, ही त्याची पहिलीच मंडळी, आणि आण्णांच्या शब्दावर मिळालेली.

"पोलिसात जायचं न्हाय," आण्णा म्हणाले. "गल्ली आदीच आपल्याकडं वाकड्या नजरेनं बगती. उद्या पेपरात यील, चर्चमदी मारामारी. झाकली मूठ सव्वा लाखाची. रविवार आलाच की. युवराज सलाम करील, पूनम त्याच्यासंगं घरला जाईल. मिटलं."

"आण्णा, अहो तिच्या डोक्याला टाके घातलेत," शांतवन पुटपुटला.

"टाकं सुकत्यात."

वच्छला भिंतीला टेकून बसली होती. "पोरगी मेली, तर तिच्या मातीलाबी सलाम करील व्हय त्यो?"

"वच्छले, तुज्या घरातबी झालंच की ह्ये. टिकलाच न्हवं संसार?"

आण्णा नेमके तिच्या उजव्या बाजूला उभे होते, म्हणून तिला हे ऐकावं लागलं. टिकला म्हणे! तिचा कान गेला, ऐन उमेदीची वर्षं गेली, आणि ज्याच्यापायी गेलं तेवढं टिकलं.

शनिवारी ती एका हाताने भाकरीचं पीठ मळत होती. पूनम चटईवर पडल्या पडल्या म्हणाली, "मावशी, घेते मी सलाम. आई म्हनती बार्शीला येऊ नगं, धाकटीचं लगीन जमत आलंय. अन् समद्यांपुडं न्हाय कसं म्हनू?"

वच्छलाचा हात थांबला. "त्याला हात दिलास, तर म्होरच्या पैल्या रविवारी मी तुज्या मातीला यीन. दिसतंय मला. पर हात तुजा हाय, पोरी. मी काय धरून ठेवनार न्हाय त्यो."

रविवारी चर्च गच्च भरलं. अशा दिवशी लोक कसे वेळेवर येतात, ते बघावं. ढोलकी कोपऱ्यात गप्प पडून होती, कारण युवराजचा डावा हात पट्टीत. पहिल्या बाकावर पूनम, डोक्याला पांढरी पट्टी. मेजाजवळ वच्छला. शांतवन सलामाचं वाक्य म्हणाला.

युवराज सगळ्यांच्या आधी उठला. पूनमपुढे जाऊन त्याने एक धड आणि एक भाजलेला असे दोन्ही हात पुढे केले. डोळ्यांत पाणी. "पूनम, सलाम."

पूनम त्या हातांकडे बघत राहिली. मग तिने आपले हात पदराखाली घेतले.

"मला तुमचं भ्या वाटतंय," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण चर्च इतकं शांत होतं की शेवटच्या बाकाला ऐकू गेलं. "मी न्हाय देत."

"पोरी, मेज मांडलंय," मागून आण्णा म्हणाले.

पूनमने मान हलवली. नाही.

युवराजच्या डोळ्यांतलं पाणी कुठे गेलं, ते देवाला माहीत. सलामाला पुढे केलेला उजवा हात तिथूनच वर गेला. पण वच्छला मध्ये आली होती, आणि तिने मान वळवून डावा गाल पुढे केला होता.

"हितं मार. ह्यो कान गेलाच हाय."

थप्पड बसली. ती मेजावर कलंडली, पेला आडवा झाला, द्राक्षरस पांढऱ्या कापडभर पसरला. ती सरळ उभी राहिली. त्याने दुसऱ्यांदा तोंडावर बुक्कीच मारली. ओठ फाटला, दात निसटला. तो तिने तळहातावर घेतला आणि तोंडातल्या रक्तासकट मंडळीकडे वळली.

"तुमी आजवर सलाम बगितला," ती म्हणाली. "सलामाच्या म्होरं काय असतंय, ते आज बगा."

मग मंडळी उठली. उठली ती अशी, की युवराज जिवानिशी जायचा. त्याला खाली पाडून लाथा बसू लागल्या, कुणी तर बाकच उचललं. काल-परवापर्यंत त्याच्या ढोलकीवर डुलणारी माणसं ती. पाळक शांतवन त्या लाथांखाली घुसला, चार-दोन स्वतः खाल्ल्या, पण युवराजला झाकून आडवा पडला.

"मारू नगा!" वच्छला ओरडली. "त्याच्यावानी हुयाचंय व्हय तुमाला? हात बांदा अन् चला ठान्यात."

बांधायला काही सापडेना. तेव्हा आण्णा उठले. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी पुढे केला आणि भाच्याच्या हातांना गाठ मारताना दुसरीकडे बघत राहिले.

प्रभुभोजन त्या दिवशी झालंच नाही. रविवारच्या कपड्यांतली ती सगळी माणसं, इस्त्रीच्या सदऱ्यांवर रक्ताचे डाग घेऊन, चालत पोलीस ठाण्यात गेली. भोजन घ्यायचं म्हणून सकाळपासून सगळे उपाशी. ठाण्याच्या व्हरांड्यात बसल्यावर वच्छलाने काखेतलं डागाळलेलं कापड सोडलं. आत भाकर होती.

"खा," ती पूनमला म्हणाली. "उपाशी पोटी फिर्याद देऊ नगंस."

पूनमने तुकडा मोडला आणि भाकर पुढे दिली. ती हातोहात फिरली. शांतवनने घेतली, पण प्रभुभोजनाचे नेहमीचे शब्द त्याने उच्चारले नाहीत. शेवटी आण्णांपाशी आली. त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि मान खाली घालून चावत राहिले.

हवालदारबाईंनी दोघींना आत बोलावून बसवलं. "हं, सांग. कधीपासून मारतोय?"

पूनम बोलू लागली, पण आवाज निघेना. तिच्या उजवीकडे बसलेली वच्छला बरगडी धरत उठली, वळसा घालून डावीकडे गेली आणि आपला चांगला कान तिच्या तोंडाशी नेऊन बसली. मागे दारात मंडळी दाटीवाटीने उभी होती.

"मोठ्यानं बोल," वच्छला म्हणाली. "त्यास्नीबी ऐकू दे."