चौदा नंबरची पट्टी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सहकाऱ्यांना नाही, माझ्या रोजच्या यादीच्या वहीतही नाही — आणि त्या वहीत मी नळाचा वायसर बदलल्याचीसुद्धा नोंद ठेवतो.

मी वाशिमला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमची प्रयोगशाळा माझ्या शिस्तीसाठी ओळखली जाते. प्रत्येक बाटलीला नंबर, प्रत्येक नंबर रजिस्टरमध्ये, रजिस्टर कपाटाच्या वरच्या कप्प्यात. नवे शिक्षक आले की प्राचार्य त्यांना आधी माझं कपाट दाखवतात. मला हसू येतं. एवढे नंबर कशासाठी, ठाऊक आहे? मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. दोन्ही मातकटच.

यात चूक काय, म्हणाल? यात काहीच नाही. चूक पुढे आहे.

आणि मी विषय कोणता निवडावा — रंग बदलणाऱ्या काचपट्ट्या! सिलिकाचं पातळ द्रावण करायचं, त्यात रंगद्रव्य मिसळायचं. ते हळूहळू खिरीसारखं दाटू लागतं. पूर्ण घट्ट व्हायच्या आत काचपट्टी बुडवून काढायची आणि सावकाश वाळू द्यायची. काचेवर काचेचाच पातळ थर चढतो. त्याला डोळ्यांना न दिसणारी छिद्रं असतात — त्यातून वायू आत शिरतो, रंग मात्र आतच अडकून राहतो आणि बदलतो. याला सोल-जेल म्हणतात. मला आजही याचं कौतुक वाटतं.

रंग ओळखायची माझी युक्ती सोपी होती. "सांगा पाहू, कोणता रंग आला?" मी विचारायचो. मुलांना वाटायचं, सर परीक्षा घेतात. मी ऐकायचो आणि लिहायचो. कित्येक वर्षं निभावलं.

मग वैशाली आली. रिठद गावची, घरी कोंबड्यांचं शेड. शेडमध्ये अमोनिया साचला की कोंबड्यांचे डोळे बिघडतात, तर तिथे टांगायला पट्टी करायची, हे तिचंच डोकं. पट्टीत तिने दोन रंगद्रव्यं मिसळली. एरवी लाल, अमोनिया लागला की हिरवी. "हिरवी झाली की शेडचे पडदे उघडाचे, सर. माह्या बाबाले बी समजते."

तेरा पट्ट्या तडकल्या. चौदावी टिकली. तिने ती अमोनियाच्या थेंबासोबत बाटलीत घालून झाकण लावलं. मी माझा नेहमीचा प्रश्न तयार ठेवला होता — पण आनंदाच्या भरात तिनेच आधी विचारलं, "सर, तुमीच सांगा, कोणता रंग आला?"

मी काय केलं असेल?

"बदल नाही," मी म्हणालो.

"हिरवी झाली न, सर."

ट्यूबलाइटमुळे तसं वाटतं, असं मी ठणकावलं आणि रजिस्टरमध्ये 'बदल नाही' लिहूनही टाकलं. ती बाटली घेऊन व्हरांड्यात उन्हात उभी राहिली, बराच वेळ. परत आली तेव्हा तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा गेला होता.

संध्याकाळी ती बाटली मी घरी नेली आणि बायकोला रंग विचारला. "हिरवा. गडद. काहून, साडी घ्याची हाये काय?" मी हो म्हणालो. साडी घ्यावीच लागली. ती अजून नेसते.

म्हणजे मला कळलं होतं — हे लक्षात घ्या. विद्यापीठाच्या प्रदर्शनासाठी नाव द्यायला दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वेळ होता. 'वैशाली, तुझंच बरोबर' एवढंच म्हणायचं होतं. पण मग सरांना का दिसलं नाही, हा प्रश्न आला असता. मी दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव दिलं. तिला पिवळ्याची निळी होणारी पट्टी करायला लावली — ती मला दिसते म्हणून. शेडमधल्या पिवळ्या बल्बखाली तिचा बदललेला रंग वैशालीच्या बाबांना ओळखू येत नव्हता.

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्यातल्या मालेगावच्या बसस्टँडवर वैशाली भेटली. आता तिची तीन शेड आहेत. तिने चहा पाजला आणि हॉटेलवाल्याला हसत सांगितलं, "हे आमचे सर. यायनंच शिकवलं — आपल्या डोयावर भरोसा नाही ठेवाचा, लिवलेलं पाह्याचं."

पट्टीचं काय झालं, मी विचारलं.

"पट्टी कायले, सर? डोये चुरचुरले की पडदे उघडतो."

मी चहा संपवला. वाशिमची बस पकडली.

आज रजिस्टर काढलं. चौदा नंबरसमोरचं 'बदल नाही' खोडलं आणि लिहिलं — 'लाल ते हिरवा. वैशालीला दिसला. मला हे रंग दिसत नाहीत.' खाली सही केली. रजिस्टर परत वरच्या कप्प्यात ठेवलं, प्राचार्य दाखवतात तिथेच.

रोज रात्री मी दुसऱ्या दिवसाची यादी करतो, दहा-बारा कामांची. उद्याच्या यादीत एकच ओळ आहे : रिठद, वैशालीकडे.