दुर्बिणीला लावलेलं कुंकू

दुर्बिणीची पेटी उघडली की कुंकवाचा वास येतो आणि मला माझं जुनं शहाणपण आठवतं. संगणकावर चालणारी, आपली आपण ग्रहाकडे वळणारी ती दुर्बीण यांनी निवृत्तीनंतर घेतली, लहानपणापासून बघायचं राहिलेलं शनीचं कडं बघायला. मी अतिशहाणी! शनीची पीडा नको म्हणून नव्या ट्रॅक्टरची करतात तशी तिची पूजा केली आणि डोळा लावायच्या काचेवरच कुंकवाचं बोट टेकवलं. संध्याकाळी अकोल्याच्या आमच्या गच्चीवर हे ओरडले, "अवं, सारं लालच कावून दिसून राह्यलं?" मी कबूल केलं. भुवईभर कुंकू माखलेले हे पोट धरून हसले, काच पुसली आणि म्हणाले, "पह्यले तू पाह्य." ते कडं आधी मी पाहिलं. कपाळावरचं कुंकू आता गेलं, पण काचेच्या खोबणीतलं मी कुणाला पुसू देत नाही.