विहिरीकडचं ऊन

नगरच्या एका शाळेत मी चित्रकलेचा मास्तर म्हणून लागलो, तेव्हा ते शहर मला धड कळत नव्हतं. मी तिसगावचा. आमच्याकडे एक बाजाराचा रस्ता, एक वेस आणि शेताकडची वाट एवढ्यावर माणसाचं आयुष्य निघतं. इथे गल्लीतून गल्ली फुटायची. एखादी दगडी कमान दिसली की वाटायचं, ही तर कालचीच, आता डावीकडे वळलं की आपली खोली. वळलो की भलत्याच कुणाच्या अंगणात.

लष्करात असलेल्या आतेभावाने त्याचा जुना कॅमेरा मला दिला आणि मी सुट्टीच्या दिवशी इमारतींचे फोटो काढत हिंडू लागलो. वेशी, महिरपी, सज्जे, दगडी जाळ्या. कॅमेऱ्यात घातलं की शहर थोडं ध्यानात राहील, असं काहीतरी मनात होतं. रोल अर्थातच ब्लॅक अँड व्हाइट. दुष्काळाचं साल होतं, आभाळात ढगाचं नाव नसायचं, आणि कडक उन्हात प्रत्येक नक्षीची सावली कोरल्यासारखी पडायची. गावाकडून आलेला माणूस पाण्याचं बोलायचा आणि मी त्याच उन्हावर मनातून खूश असायचो. हे बरं की वाईट, तेही मला ठरवता येत नसे.

तो कॅमेरा छातीशी धरून वरून खाली बघायचा होता. वरच्या काचेत चित्र दिसायचं ते उभं नीट, पण डाव्याचं उजवं झालेलं. टांगा डावीकडून आला की काचेत उजवीकडून यायचा. सुरुवातीला मी हमखास चुकीच्या बाजूला सरकायचो. पुढे सवय झाली, इतकी की काचेत पाहिलेली इमारतच मला जास्त ओळखीची वाटायची.

कापडबाजाराजवळ एका गृहस्थांचा फोटो स्टुडिओ होता. रविवारी दुपारी त्यांच्या अंधाऱ्या खोलीत ते मला काम करू देत. त्यांचं सगळं आयुष्य नवरानवरी आणि बारशाची बाळं काढण्यात गेलेलं. माझे ओले फोटो दोरीवर लावले की ते चष्मा कपाळावर चढवून बघत आणि दर वेळी एकच विचारत, "मास्तर, यात माणूस कुठाय?"

माझ्या माडीवरच्या खोलीसमोर, गल्लीच्या पलीकडे, एक दगडी घर होतं. मधोमध दार, दोन्ही बाजूंना एकेक कमानीची खिडकी, वर लाकडी सज्जा. मधून घडी घातली तर दोन्ही बाजू तंतोतंत जुळाव्यात असं. गल्लीतून घराकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला कुंभाराचं घर आणि डाव्या हाताला सामाईक विहीर. घरात फक्त दोघं राहत, काका आणि काकू. काका कोर्टात बेलिफ होते, नुकतेच निवृत्त झालेले. काकू घोडेगावच्या शेतकऱ्याच्या घरातल्या. लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी आपली गावाकडची बोली सोडली नव्हती. मी शाळेत निघालो की खिडकीतून हाक यायची, "मास्तर, जेवला का न्हाई?"

त्या वर्षी काकूंना ताप आला आणि तो डोक्यात गेला. ताप उतरला, पण शब्द हरवले. म्हणजे बोलत होत्या, पण वस्तूंची नावं इकडची तिकडे झाली होती. चमच्याला किल्ली म्हणायच्या. काकांना एकदा भावाच्या नावाने हाक मारली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, ओळखीचं काहीबाही दाखवत राहा, त्याने फरक पडतो.

काका संध्याकाळी माझा जिना चढून आले. यापूर्वी ते कधी वर आले नव्हते.

"मास्तर, तुम्ही सगळ्या गावाच्या भिंतींचे फोटो काढता. आमच्या घराचा काढलाय का?"

खरं तर काढला होता. महिन्याभरापूर्वी एका रविवारी, सकाळचं ऊन समोरून तिरपं येत असताना, गल्लीत उभं राहून, विहीर आणि कुंभाराचं घर चौकटीबाहेर ठेवून. फक्त त्याचा मोठा फोटो छापलेला नव्हता. पुढच्या रविवारी स्टुडिओत तो छापला. घराचा दगडन् दगड उठून आला होता. सज्ज्याखालच्या लाकडी हत्तींच्या सोंडांच्या सावल्या भिंतीवर लांब पडल्या होत्या. स्टुडिओवालेसुद्धा पहिल्यांदाच म्हणाले, "हे बाकी घर वाटतंय हं." काकांनी पाहिला आणि त्यांचे डोळे भरले. कुंभारणीने पाहिला, म्हणाली, अगदी तेच. मग काका आणि मी दवाखान्यात गेलो.

काकूंनी फोटो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ पाहिला.

"कुनाचं घर ह्ये?"

"आपलं," काका म्हणाले. "आपलं घर. बघ, ही तुझी खिडकी."

"न्हाई." त्यांनी फोटो पांघरुणावर पालथा ठेवला. "आपलं न्हाई ह्ये."

काकांनी पुन्हा सरळ केला, पुन्हा दार दाखवलं, सज्जा दाखवला. काकू ऐकून घेत होत्या, त्यांना राग आला नव्हता. परक्याच्या घरातली वस्तू कुणी आपल्या गळ्यात मारू बघावं आणि आपण ती सभ्यपणाने नाकारावी, तसा त्यांचा चेहरा होता.

मी खोलीत येऊन फोटो हातात घेतला आणि खिडकीशी उभा राहिलो. दिवस मावळला होता. समोर घर, हातात घर. दार तेच, खिडक्या त्याच. तरी मला शंका यायला लागली. या शहरात मी इतक्या वेळा चुकलो होतो की आपण भलत्याच घराचा फोटो काढला नसेल ना, असंही वाटून गेलं. मग स्वतःचंच हसू आलं. हसू आलं तरी शंका गेली नाही.

घोडेगावहून काकूंचे भाऊ आले. फेटा मांडीवर ठेवून काकांच्या ओट्यावर बसले. मीही होतो.

"दाजी, सवताचं घर वळखंना ती. मंग घरात नेऊन तरी काय करायचं? तिला माझ्याकडं आना. लहानपनीचं रान हाय, गोठा हाय, त्ये तरी वळखंल. तुमीबी चला."

"आणि हे?" काकांनी मागे दाराकडे हात केला.

"कुलूप लावायचं. भाडेकरू बगू एकांदा."

काका नुसती मान हलवत राहिले. होकार होता की नकार, ते मला कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ते ट्रंक उन्हात झटकत होते, तेव्हा कळलं.

त्या संध्याकाळी मी एकटा दवाखान्यात गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. फोटो पिशवीत होता. काकू उशाला टेकून बसल्या होत्या आणि मला पाहताच म्हणाल्या, "मास्तर, जेवला का?" मी चमकलो. माझी ओळख होती, प्रश्न बरोबर होता. मग घर तेवढं कसं गेलं?

मी पिशवीतला फोटो बाहेर काढून म्हणालो, "काकू, हे तुमचं घर नाही ना? मग तुमचं कसंय, ते तरी सांगा."

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "ह्येला दिवा हिरीकडनं लागतोय."

"दिवा?"

"दिवा! दिवा!" त्यांना शब्द पुरेना. हाताने वरून खाली काहीतरी ओतल्यासारखं दाखवलं. "माझ्या घराला कुंभाराकडनं लागतो. सकाळच्याला. ह्येला हिरीकडनं."

तेवढ्यात काका डबा घेऊन आले. त्यांनी ऐकलं आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "बघा. आता दिवा म्हणतेय." विहिरीपाशी दिवा नव्हता, कुंभाराकडेही नव्हता. म्युनिसिपालिटीचा खांब गल्लीच्या तोंडाशी. मी फोटो पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा होतो. समोरच्या भिंतीवर ऊन आलं. रोजच येत असे. कुंभाराच्या कौलांवरून तिरपं उतरून ते घराच्या दगडांवर ओतल्यासारखं पसरलं, आणि सज्ज्याखालच्या सोंडांच्या सावल्या विहिरीच्या बाजूला लांब पडल्या. काकूंचा वरून खाली आलेला हात मला आठवला. दिवा म्हणजे ऊन!

मी पिशवीतला फोटो बाहेर घेतला. फोटोत सावल्या कुंभाराच्या बाजूला पडल्या होत्या. फोटोत सूर्य विहिरीकडून, म्हणजे मावळतीकडून, आला होता. संध्याकाळी काढला होता का हा? नाही, सकाळचाच; मला नक्की आठवत होतं. मग आठवणीवरचाही भरवसा उडाला. शाळेत जाण्याऐवजी मी थेट स्टुडिओ गाठला.

स्टुडिओवाल्यांनी निगेटिव्ह शोधून उजेडासमोर धरली, मग फोटो शेजारी धरला, आणि मोठ्याने हसले.

"अहो, उलटी बसलीय. निगेटिव्हची एक बाजू चमकते, एक मळकी. मळकी बाजू कागदाकडे पाहिजे. ही पालथी पडलीय यंत्रात. डाव्याचं उजवं झालंय सगळं."

"पण मला कसं दिसलं नाही? समोर राहतो मी!"

"घर दोन्हीकडून सारखं, कसं दिसणार? नवरी असती तर पदर भलत्या खांद्यावर गेला असता. तिच्या आईने दुकानात येऊन ओरडाआरडा केला असता."

निगेटिव्ह त्या दिवशी त्यांनी लावली की मी, यावर आमचं एकमत झालं नाही, आणि माझं मला आजही सांगता येत नाही. पण मला ते का दिसलं नाही, हे तिथेच उभ्या उभ्या समजलं. मी ते घर सर्वांत निरखून पाहिलं होतं ते कॅमेऱ्याच्या काचेत, आणि काचेत ते असंच उलटं होतं. उलटा फोटो मला बिनचूक वाटला होता. आणि ज्या बाईचं डोकं गेलं असं आम्ही सगळे धरून चाललो होतो, तिने एका नजरेत ओळखलं होतं की हे आपलं नाही.

सरळ फोटो छापून, अर्धवट ओला असतानाच, मी काकांकडे पळालो. ट्रंक भरलेली होती. मी भराभरा सांगत गेलो. निगेटिव्ह, मळकी बाजू, दिवा म्हणजे ऊन. त्यातलं अर्धं त्यांना कळलं नसावं.

"म्हणजे चूक फोटोची होती?" ते म्हणाले.

"हो."

"तिची नव्हती."

"नव्हती."

ते ट्रंकेवर बसले. मग एकदम उठून टोपी शोधायला लागले, ती त्यांच्या डोक्यावरच होती.

दवाखान्यात काकूंनी नवा फोटो घेतला. या वेळी वेळ लावला नाही. विहिरीकडच्या खिडकीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं मी बसते." काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले.

पण काकूंचं समाधान झालं नव्हतं. "मंग त्ये कुनाचं हुतं?" त्यांनी मला विचारलं.

"तेही तुमचंच. फक्त उलटं."

"त्येबी माझंच?"

"हो."

"आन् मी सांगत हुते न्हाई म्हनून, तवा?"

ते त्यांचं होतंही आणि नव्हतंही. आरशात बघितल्यासारखं, असं काहीतरी मी बोललो. त्यांनी मान डोलावली, ती माझं मन राखण्यासाठी.

तेवढ्यात त्यांनी काकांना सांगितलं, "खाटंखाली मांजर हाय." हे त्या दवाखान्यात आल्यापासून म्हणत होत्या आणि आम्ही हो हो म्हणून सोडून देत होतो. आज काका गुडघे टेकून फरशीवर वाकले आणि खाटेखाली बघू लागले. मांजर नव्हतं. पलीकडची आया म्हणाली, "येतंय कधी कधी." काका उठले, धोतर झटकलं आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जणू आता काय धरायचं आणि काय सोडायचं ते मी सांगणार होतो.

घोडेगावला जाणं राहिलं. काकूंना घरी आणलं. त्या पूर्वीसारख्या झाल्या का? मला नाही सांगता येत. स्वयंपाक करत, खिडकीत बसत, मला हाक मारत. चमच्याला काही महिने किल्लीच म्हणत राहिल्या. डॉक्टर म्हणाले, सुधारणा आहे. भाऊ म्हणाले, तशीच हाय. मी इमारतींचे फोटो काढत राहिलो, पण कितीतरी दिवस प्रत्येक फोटो घेऊन त्या त्या ठिकाणी जाऊन उभा राहायचो. दिल्ली दरवाज्यापाशी एकदा मी फोटो फिरवत आणि स्वतःही फिरत उभा होतो, तर एक भाजीवाला विचारायला लागला, "पाव्हनं, कुठं जायचंय?"

बदलले ते काका. पूर्वी काकू काही बोलल्या की ते पेपरातून डोकं न काढता हुंकार देत. आता प्रत्येक गोष्ट उठून बघत. काकू म्हणाल्या, दूध नासलंय, की चाखून बघायचे. म्हणाल्या, कुणीतरी हाक मारतंय, की दाराशी जायचे. कधी खरं निघायचं, कधी नाही. नाही निघालं तरी चिडत नसत, आत येऊन नुसतं सांगत, "नव्हतं गं कोणी."

एका सकाळी मी खिडकीत होतो. समोरून काकूंचा आवाज आला, "अवो, दारात शेळी हुबी हाय." काका बाहेर आले. ओट्यावर उभे राहून त्यांनी कुंभाराकडे बघितलं, विहिरीकडे बघितलं. गल्ली मोकळी होती. मग त्यांची नजर वर माझ्याकडे गेली.

"मास्तर, तुम्हाला दिसली का हो शेळी?"

"नाही काका," मी म्हणालो. आणि मग मीही खिडकीतून बाहेर वाकून गल्लीच्या दोन्ही टोकांना नीट बघून घेतलं.