सिनेमानंतरची चर्चा

सरांनी माइक माझ्या हातात कोंबला आणि लोकांना म्हणाले, "अशी एक मुलगी आपल्यातही आहे. हिच्या घरानंही असंच सोसलंय."

कॉलेजचा हॉल. फिल्म क्लबनं ज्यूंच्या छळछावण्यांवरचा सिनेमा दाखवला होता. दिवे लागले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बाया डोळे पुसत होत्या. मीपण रडले होते. सिनेमात ज्यू माणसांना गुरांसारखं ट्रकात कोंबतात आणि शेजारी खिडक्यांतून बघत राहतात. मला आमचं गाव आठवलं.

वैजापूरकडचं गाव. गेल्या साली चुलतभावाची वरात देवळासमोरून नेली म्हणून माझ्या बापाला खांबाला बांधून मारलं. अख्खं गाव दारात उभं. एकदा विश्वासानं सरांना हे सांगितलं होतं. त्यांनी मला न विचारता ते चर्चेला ठेवलं.

"बोल बेटा," सर म्हणाले. "लाजू नकोस. वडिलांना कसं मारलं ते सांग."

समोरच्या बाईनं रुमाल पुन्हा काढला. एकानं मोबाईल वर धरला. मागून आवाज आला, "जरा मोठ्यानं. ऐकू येत नाही."

अंगाची आग झाली. पडद्यावरची माणसं मेलेली. आता ह्यांना जिवंत माणूस पाहिजे होतं.

मी म्हणाले, "मार खाणाऱ्यांनी लई सांगितलं. खिडकीतून बघणारं कुणी आहे का इथं? त्यानं वर यावं. गप का बसला, ते सांगावं."

मोबाईलवाल्यानं मोबाईल खिशात टाकला.

"विषय भरकटतोय," रुमालवाली बाई म्हणाली. "आपण सिनेमावर बोलू या."

"सिनेमावरच बोलतेय, मॅडम."

सरांनी माइक काढून घेतला. नंतर जिन्यात गाठून म्हणाले, "सगळ्यांचा मूड घालवलास. मी तुझ्या भल्यासाठीच केलं होतं."

"मला विचारलं होतं का, सर?"

ते घड्याळ बघत निघून गेले.

बजाजनगरला खोलीवर आले. त्या मारानंतर आम्ही गाव सोडून इथंच राहतो. बाप कंपनीतून नुकताच आला होता. तक्रार त्यानं कधी दिलीच नव्हती.

"बाबा, उद्या पोलीस ठाण्यात जायचं."

"आन् तुझ्या चुलत्याला गावात राहू देतील का?"

"नाय दिलं तर त्याचीपण तक्रार देऊ."

बापानं डब्याची पिशवी खुंटीला अडकवली. मग म्हणाला, "संगं येशील?"

"व्हय."

केस उभी राहिली की आता मी कोर्टात बोलणार. मारणाऱ्यांची नावं घेणार, दारात उभं राहून बघणाऱ्यांचीही घेणार. माझं ऐकून कुणी रडलं नाय तरी चालंल. शिक्षा पाहिजे.