कोठीच्या खोलीतला वर्ग

कल्याणचा वर्ग संध्याकाळी सहाला भरायचा. भरायचा म्हणजे कुठं, तर टेंभुर्णीतल्या त्याच्या घराच्या मागच्या खोलीत, ज्वारीच्या पत्र्याच्या कोठ्यांना लागून ठेवलेल्या टेबलावर. मुलं मात्र कुठकुठली होती. परभणीची, बुलढाण्याची, दोन-चार पार नंदुरबारकडची. संभाजीनगरच्या एका ऑनलाइन क्लाससाठी तो दहावीचं गणित शिकवायचा. पडद्यावरच्या चौकोनांत मुलं दिसायची आणि त्यांच्या घरातल्या भिंती, कॅलेंडरं, मागून जाणाऱ्या आया दिसायच्या.

तो टेंभुर्णीत आला होता वडिलांसाठी. तातेरावांना लकवा मारला, उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा कल्याण बायकोला म्हणाला होता, आठ-पंधरा दिवसांत माघारी येतो. आला तेव्हा सोयाबीनची काढणी चालू होती. आता हरभऱ्याला घाटे लागले होते आणि तो अजून इथंच होता. बायको वंदना संभाजीनगरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती, पोरगी चौथीत होती. त्या दोघींना हलवायचं तर सगळंच हलवावं लागलं असतं.

सकाळ तातेरावांना कुशीवर वळवण्यापासून सुरू व्हायची. मग अंग पुसणं, कपडे बदलणं, चादर काढणं, खिमटी भरवणं. भरवायला तर तास जायचा, कारण घास गालातच राहून जायचा. आई नंदाबाईंचे गुडघे गेलेले. त्या जवळ बसायच्या, वाटी धरायच्या, पण उचलाउचल कल्याणचीच. तातेराव मोठ्या हाडाचा माणूस. जन्मभर शेतात राबलेलं ते अंग आता सैल झालं होतं आणि सैल अंग जास्त जड लागतं हे कल्याणला रोज नव्यानं कळत होतं. दुपारी पाठ टेकावी म्हटलं की कुणीतरी भेटायला यायचं. संध्याकाळी फळ्यासमोर उभं राहावं तशी कॉलर नीट करून तो कॅमेऱ्यासमोर बसायचा तेव्हा त्याचे खांदे दुखत असायचे.

सुरुवातीला तो समोरच्या खोलीतच शिकवायचा. तातेरावांची खाट तिथंच होती, वायफायचा डबाही तिथंच भिंतीला लावलेला होता. पण तातेरावांना काही सांगायचं झालं की घशातून एक लांब आवाज निघायचा. एकदा शिकवता शिकवता तो आवाज झाला आणि एका मुलानं अगदी सरळपणानं विचारलं, "सर, तुमच्या घरी म्हैस आहे का?" बाकीची मुलं हसली. कल्याणही हसल्यासारखं करून पुढं गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं टेबल उचललं आणि कोठीच्या खोलीत नेऊन ठेवलं. मध्ये दगडमातीची जाड भिंत होती, दार लावलं की आवाज येत नव्हता. नेट तिथं थोडं हळू चालायचं, पण चालायचं.

जानेवारीत त्याचा जुना लॅपटॉप बंद पडला. क्लास चालवणारे केशव सर माणूस चांगले. त्यांनी चार दिवसांत नवाकोरा लॅपटॉप पाठवून दिला. पातळ, हलका, बघत राहावा असा. कल्याणला वाटलं, चला, एक तरी गोष्ट सोपी झाली.

त्याच संध्याकाळी वर्ग अर्ध्यावर गेला आणि त्याचा आवाज तुटायला लागला. मग चित्र थिजलं. मुलांना पडद्यावर तोंड उघडं राहिलेले सर दिसत होते. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. तिसऱ्यांदा जोडलं तेव्हा निम्मी मुलं निघून गेली होती.

त्यानं आधी साधा विचार केला. नवीन लॅपटॉप आहे, आतल्या आत काहीबाही उतरवून घेत असेल. खरंच तसं होतं. अपडेटची मोठी रांग लागली होती. दुसऱ्या दिवशी दुपारभर त्यानं लॅपटॉप तसाच चालू ठेवला आणि ते सगळं उतरू दिलं. संध्याकाळी पुन्हा तेच. मग शोधता शोधता त्याला दिसलं की जुन्या लॅपटॉपातले सगळे फोटो आणि नोट्स त्यानं नव्यात घेतल्या होत्या आणि नवा लॅपटॉप त्या गुपचूप वर ऑनलाइन साठवणीत चढवत बसला होता. ते बंद केलं. जरा फरक पडला. ताप उतरावा आणि खोकला राहावा तसा. वर्ग चालायचा, पण मधूनच आवाज तुटायचा आणि समीकरणाची एक ओळ मुलांपर्यंत पोचायचीच नाही.

गावात नेटच्या लाइनचं काम पप्पू बघायचा. तो आला, समोरच्या खोलीत उभं राहून त्यानं आपल्या मोबाइलवर स्पीड काढून दाखवला. काटा भरभर वर गेला.

"लाइन बिलकुल बराबर हाय सर," पप्पू म्हणाला. "लॅपटॉपातच लोचा असंन."

कल्याणनं स्वतःचा मोबाइल कोठीच्या खोलीत नेऊन बघितला. तिथंही मोबाइल चालत होता. म्हणजे खोलीचा दोष नाही, लॅपटॉपचाच. जुना लॅपटॉप याच टेबलावर चालत होता, तेव्हा खोलीचा संशय यायचं कारणच नव्हतं.

लॅपटॉपच्या कंपनीला फोन लावला. तिकडची बाई गोड बोलणारी होती. तिनं आधी वायफायची नोंद पुसून नव्यानं जोडायला लावली. मग नेटचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकायला लावला. मग बॅटरी वाचवण्यासाठी वायफाय आपोआप मंदावतं ती सोय बंद करायला लावली. एकेका गोष्टीनंतर लॅपटॉप बंद करून चालू करायचा. मध्येच समोरून तातेरावांचा आवाज आला तेव्हा कल्याण फोन कानाला धरूनच गेला, त्यांना कुशीवर वळवलं आणि परत आला. बाई अजून लाइनवरच होती. शेवटी म्हणाली, सर, आमच्याकडून सगळं ठीक दिसतंय, तुम्ही तुमच्या नेटवाल्याशी बोला.

लॅपटॉपला तार जोडावी तर तारेला त्यात भोकच नव्हतं. पातळ करायच्या नादात ते काढूनच टाकलेलं. वेगळा जोड मिळतो असं कळलं, पण तो जाफ्राबादला कुणाकडं नव्हता आणि जालन्याला जायचं तर तातेरावांना उचलायला-वळवायला मागं कुणी नव्हतं.

मग केशव सरांचा फोन आला. पालकांच्या तक्रारी होत्या. बोर्डाची परीक्षा तोंडावर आली होती. आवाज न चढवता ते म्हणाले, "कल्याण सर, तुमची अडचण मला दिसते. पण मुलांचं वर्ष आहे. या आठवड्यात नाही जमलं तर बॅच दुसऱ्या कुणाकडं द्यावी लागेल."

कल्याण हो म्हणाला. त्याला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी शिल्लक लागतं. फोन ठेवल्यावर तो कोठीला टेकून बसला आणि त्याच्या मनात असं येऊन गेलं की जाऊ द्यावी बॅच. मग स्वतःचीच भीती वाटून तो उठला.

त्या शुक्रवारी नंदाबाईंच्या मावसबहिणीच्या घरी जाफ्राबादला दहावा होता. शेजारचे बद्रीनाथ जीपनं निघाले होते, त्यांच्याबरोबर त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत येते म्हणाल्या, पण सहा वाजले तरी आल्या नाहीत. तातेरावांना एकटं सोडून दार लावून बसता येणार नव्हतं. कल्याणनं लॅपटॉप उचलला, समोरच्या खोलीत खाटेशेजारी स्टूल ओढलं आणि तेलाच्या एका उलट्या डब्यावर लॅपटॉप ठेवून वर्ग सुरू केला.

अंकगणिती श्रेढी चालू होती. तो बोलत होता आणि आता तुटेल, मग तुटेल याची वाट बघत होता. तुटलं नाही. पहिलं उदाहरण पूर्ण झालं, दुसरं झालं. मुलांचे आवाज एकदम जवळून आल्यासारखे येत होते. मध्येच तातेरावांना ठसका लागला. कल्याणनं मुलांना एक गणित सोडवायला दिलं, उठून त्यांना टेकवून बसवलं, पाठीवरून हात फिरवला, चमच्यानं पाणी पाजलं. कॅमेरा बंद करायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. वळून बघितलं तर चौकोनांतली सगळी मुलं गप्प बसून बघत होती.

"माझे वडील आहेत," कल्याण म्हणाला. "त्यांना बरं नाही. मधूनमधून आवाज येईल."

मग परभणीची साधना नावाची मुलगी माइक चालू करून म्हणाली, सर, माझं उत्तर आलं, दोनशे दहा.

"बराबर," तातेराव म्हणाले.

शब्द फुटका होता पण शब्द होता. लकवा मारल्यापासूनचा पहिला. कल्याण खाटेकडं बघत राहिला. तातेराव पडद्याकडं बघत होते. जणू बाजारात कुणाशी सौदा पटला होता. मग त्याला सांगावं लागलं, "साधना, उत्तर चुकलंय. दोनशे वीस." मुलं हसली, साधनाही हसली, आणि या वेळी कल्याणला ते हसणं लागलं नाही.

नंदाबाई आल्यावर त्यानं सांगितलं. त्या बॅग खाली न ठेवताच खाटेजवळ गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळभर त्या तातेरावांना म्हणत होत्या, म्हणा ना आजूक एकदा. तातेराव म्हणाले नाहीत. डॉक्टरांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, असा एखादा सवयीचा शब्द निघतो, त्यावरून फार धरून चालू नका, पण कानावर बोलणं पडू द्या.

कल्याणच्या डोक्यात मात्र दुसरंच चक्र सुरू झालं होतं. तो उघडा लॅपटॉप हातावर धरून घरात फिरला. वायफायच्या डब्याजवळ सिग्नलच्या सगळ्या रेघा भरलेल्या. दारात एक कमी. भिंत ओलांडून कोठ्यांजवळ गेलं की एकच रेघ, तीही जायची यायची. मोबाइल तिथंच ठेवला तर बरा चालायचा. लॅपटॉपात वायफायचा तपशील उघडून बघितला तेव्हा उलगडा झाला. डब्यातून दोन लहरी निघत होत्या. एक संथ पण भिंतीपलीकडं जाणारी, दुसरी जोराची पण भिंत आणि पत्रा आला की दम सोडणारी. दोन्हींना नाव एकच. मोबाइल गरजेप्रमाणं संथ लहर धरायचा. जुना लॅपटॉप तीच एक ओळखायचा. नवा मात्र जोराच्या लहरीलाच चिकटून बसायचा, तुटेपर्यंत.

पप्पूला फोन केला. तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. शेवटी आला, आपल्या ऑफिसला विचारून डब्याचा पासवर्ड घेतला आणि दोन लहरींना दोन नावं दिली. कल्याणनं लॅपटॉप कोठीच्या खोलीत संथ लहरीला जोडला. चालला. भराभर नाही, पण न तुटता.

"आधीच सांगायचं न्हाई का सर, आतल्या खोलीत बसून राह्यले म्हणून," पप्पू म्हणाला. कल्याणनं लॅपटॉप मिटला. आतल्या खोलीत तो मुलांसाठी बसतो असं तो सगळ्यांना सांगत आला होता आणि ते खरंही होतं. पण तिथं दार लावल्यावर दोन तास कुणाला वळवावं लागत नव्हतं, हेही खरं होतं.

त्यानं मग असं केलं. मोठा वर्ग कोठीच्या खोलीत आणि शंका विचारायचा छोटा तास समोरच्या खोलीत, खाटेशेजारी. केशव सरांना सांगितलं, त्यांनी हरकत घेतली नाही. तातेराव शंकांच्या तासाला जागे राहायला लागले. एकदोनदा ओठ हलले. शब्द परत आला नाही.

नेट सुरळीत झाल्यावर एका संध्याकाळी वर्ग संपल्या संपल्या त्यानं वंदनाला व्हिडिओ कॉल लावला. इतके महिने त्यांचं बोलणं तुटक व्हायचं. कामाचं बोलून झालं की कुणीतरी म्हणायचं, आवाज येत नाही, ठेवते. आज तिचा चेहरा स्वच्छ दिसला. डोळ्यांखाली काळं आलं होतं. केस घाईनं बांधलेले, मागच्या खुर्चीवर न घडी केलेल्या कपड्यांचा ढीग. तोही तिला तसाच दिसत असणार.

"तुम्ही फार उतरलात हो," ती म्हणाली.

"तू पण."

मग बराच वेळ दोघं बोलले नाहीत. आता रेंजचं निमित्त नव्हतं, त्यामुळं ते गप्प बसणंही एकमेकांना पुरं ऐकू आलं. नंतर तिनं एकेक सांगायला सुरुवात केली. पोरगी रात्री त्याच्या उशीवर झोपते. लॅबमध्ये एकाची जागा रिकामी आहे, तिचं काम दुप्पट झालंय. त्याला सांगितलं तर तो तिकडं आणखी खचेल म्हणून ती सांगत नव्हती. त्यानंही मग बॅच जाऊ द्यावीशी वाटली होती ते सांगितलं. दहावीची परीक्षा झाली की आबांना, म्हणजे तातेरावांना, आणि मायला संभाजीनगरला न्यायचं, तळमजल्यावरचं घर बघायचं, एवढं ठरलं. सकाळी कल्याणनं तातेरावांच्या कानाशी बसून ते सांगितलं. त्यांनी त्याच्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले. होकार होता की नाही ते त्याला कळलं नाही. नंदाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आता. मंग बघू."

शनिवारी वंदना पोरीला घेऊन पहिल्या गाडीनं आली. आल्या आल्या तिनं पदर खोचला आणि सासऱ्यांना भरवायला बसली. पोरगी आजोबांच्या पायाशी बसून पाढे म्हणायला लागली. कल्याण दोनदा मदतीला उठला, दोन्ही वेळा वंदनानं त्याला हातानंच बस म्हणून सांगितलं.

तो कोठीच्या खोलीत गेला. टेबल भिंतीला सरकवून त्यानं सतरंजी अंथरली. पलीकडून पाढ्यांचा आवाज येत होता. दार लावावं असं त्याला वाटलं, पण उठवेना, आणि उघड्या दाराशीच त्याला गाढ झोप लागली.